फाटक काढा, काटा ठेवा

शिवडीला आमच्या गल्लीत एक दादा आहे. गोदीत विंच चालवून म्हातारा झाला. नाव छापत नाही. कारण त्याची बायको हे पान वाचणार आहे, आणि तिच्या पाटल्या या गोष्टीत आहेत.

दादानं एक चाक केलंय. लोखंडी रिंग, बारा दांड्या, दांडीला बिजागरी, टोकाला शिशाचं वजन. दादाचं म्हणणं असं : उजव्या अंगाला दांडी उलगडते, वजन लांब जातं, चाकाला खाली ओढतं. डाव्या अंगाला दांडी मिटते, वजन जवळ येतं, ओढ कमी पडते. म्हणजे चाक फिरतच राहणार. तेल नको, वीज नको. जगातल्या सगळ्या क्रेना फुकटात चालतील. निवृत्तीला मिळालेला फंड त्यानं या चाकात घातला. फंड संपला तेव्हा पाटल्या गेल्या.

चाक थांबतं. दादा म्हणतो, बेअरिंग चांगलं मिळालं की नाही थांबणार.

मी आणि दादा कागद घेऊन शहरातल्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत गेलो. दादानं इस्त्रीचा शर्ट घातलेला. फाटकावर वॉचमननं विचारलं, कुणाला भेटायचं? दादा म्हणाला, सायन्सवाल्याला. आतून एक बाबू आला. त्यानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. दादाच्या बोटांकडं बघितलं, माझ्या चपलांकडं बघितलं आणि विचारलं, "शिक्षण किती?" दादा म्हणाला, चौथी. बाबू हसला. वॉचमनला म्हणाला, "असल्यांना आत सोडत जाऊ नको."

असल्यांना. हा शब्द आमच्या बापजाद्यांच्या ओळखीचा आहे. पाणवठ्यावर ऐकला, देवळाच्या पायरीवर ऐकला, शाळेच्या ओट्यावर ऐकला. आता विज्ञानाच्या फाटकावर ऐकला.

त्या रविवारी आमच्या अभ्यासवर्गात मी हे सांगितलं. एक साथी उठला. कॉलेजात शिकलेला, बोलायला धारदार. म्हणाला, "विज्ञान हीसुद्धा एक जातच आहे. परिघावरच्या सगळ्या सिद्धांतांना विज्ञानसंस्थांनी जागा दिलीच पाहिजे. दादाचं चाक हे लोकांचं विज्ञान आहे. ते चूक की बरोबर हे ठरवणारे हे कोण टिकोजीराव?" टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. रात्री झोप लागली नाही. हा लेख त्या टाळ्या परत घ्यायला लिहितोय.

दोस्तांनो, आपण दोन गोष्टींची भेसळ केली.

गोदीत माल शिरताना दोन ठिकाणं लागतात. एक फाटक, एक काटा. फाटक विचारतं, तू कोण, पास आहे का. काटा हे विचारत नाही. ट्रक चढतो, आकडा पडतो. मालक कोण, ड्रायव्हरची जात काय, काट्याला कळत नाही. काट्यावर लबाडी करणारे भडवे असतात, मान्य. पण ती लबाडी पकडायलाही दुसरा काटाच लागतो. भाषण चालत नाही.

दादाला फाटकावर अडवलं हा अन्याय. दादाच्या चाकाला काट्यावर चढवू नका म्हणणं हाही अन्यायच. पहिला बाबूनं केला. दुसरा आपण केला, टाळ्या वाजवून.

आता जरा जुन्या गोष्टी काढतो. आधी पॅरिसची. १७७५ साली तिथल्या राजाच्या विज्ञान अकादमीनं ठराव केला : वर्तुळाचा चौरस करणं, कोनाचे तीन समान भाग करणं, घनाची दुप्पट करणं आणि कायम फिरणारं यंत्र, या चार गोष्टींवरचे कागद यापुढं तपासणार नाही. दादाचं चाक तेव्हापासून बंदी घातलेलं आहे. ऐकल्यावर डोकं फिरतं. राजाचे पगारी पंडित लोकांच्या तोंडावर दार लावतात! पण त्यांनी दिलेलं कारण वाचलं आणि मी गप्प झालो. या यंत्रापायी एकाहून जास्त घरं धुळीला मिळाली, असं त्यांनी लिहून ठेवलंय. चांगले कारागीर आपला पैसा, वेळ आणि अक्कल यात घालवून बसले, असंही. सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली. शिवडीतल्या पाटल्यांचा हिशेब पॅरिसात आधीच मांडलेला होता. दादाला तो कुणी सांगितला नाही एवढंच.

आणि हा नाद फक्त चौथी शिकलेल्याचा नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पारा भरलेल्या आऱ्यांचं चाक सांगितलंय, आपोआप फिरणारं. एवढा मोठा गणिती, तोही इथं फसला. चाकानं त्यांचंही ऐकलं नाही. चाक ना पंडिताला भीत ना हमालाला.

दुसरी गोष्ट त्याच पॅरिसातली. झां पॉल मारा. फ्रेंच क्रांतीतला गरिबांचा कैवारी, जहाल पत्रकार. क्रांतीच्या आधी हा डॉक्टर होता आणि आग, प्रकाश, वीज यांवर प्रयोग करायचा. न्यूटनचा रंगांचा सिद्धांत चूक आहे असं त्याचं म्हणणं. १७८० च्या सुमाराला अकादमीनं त्याचं म्हणणं नाकारलं. मारा ते विसरला नाही. पुढं १७९१ साली त्यानं अकादमीवाल्यांना भोंदू ठरवणारं पुस्तकच काढलं. १७९३ च्या जुलैत त्याचा खून झाला, ऑगस्टमध्ये क्रांतीच्या सरकारनं अकादमी बंद केली. अकादमी माजोरी होती, राजाच्या ताटातली होती, सगळं कबूल. पण प्रकाशाचं काय झालं? काही नाही. राजाचं मुंडकं उडालं, अकादमीला कुलूप लागलं, आणि प्रिझममधून रंग न्यूटननं सांगितले तसेच पडत राहिले. माराचं राजकारण आपलं. माराचं प्रकाशशास्त्र चूक. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एका दमात म्हणायची हिंमत पाहिजे.

तिसरी गोष्ट जास्त जवळची आणि जास्त कडू. लायसेंको. रशियातला शेतकऱ्याचा पोर. १९२७ साली 'प्रावदा'नं त्याला अनवाणी प्रोफेसर म्हणून डोक्यावर घेतलं. याचं म्हणणं, जीन वगैरे बूर्झ्वा थोतांड आहे. बियाण्याला थंडीत मुरवलं की त्याचा गुण बदलतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. स्टालिनला ते आवडलं. वाविलोव्ह नावाचा माणूस जगभर फिरून बियाणं गोळा करणारा, दुष्काळ हटवायला निघालेला. त्यानं विरोध केला. १९४० साली त्याला पकडलं, १९४३ साली तो तुरुंगात मेला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये लायसेंकोनं सभेत जाहीर केलं की माझा अहवाल केंद्रीय समितीनं वाचून मंजूर केलाय. झालं. रशियात जनुकशास्त्राचं शिक्षण बंद पडलं. लायसेंकोची सद्दी संपायला १९६४-६५ उजाडलं.

साथी, इथं नीट बघ. लायसेंकोचा सिद्धांत कशावरून खरा ठरवला? तो कुणाच्या पोटी जन्मला यावरून. शेतकऱ्याचा पोर म्हणून खरा. विरोधक बूर्झ्वा म्हणून खोटा. जन्मावरून म्हणणं खरं-खोटं ठरवायचं! अरे, ही तर मनुस्मृती झाली. तिच्यात ब्राह्मण वर होता, यांनी उलटी धरली एवढंच. पुस्तक उलटं धरलं म्हणून अक्षरं बदलतात काय?

आता म्हणशील, तू रशिया-फ्रान्स सांगतोस, इथं परिघावरच्याला कोण जागा देतंय? देतात की! इथं परिघावरच्या सिद्धांताला लाल गालिचा आहे. फक्त तो कुठल्या परिघावरचा ते बघ.

२०१५ चा जानेवारी. आपल्याच मुंबईत, विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली. तिथं संस्कृतातल्या प्राचीन विज्ञानाची बैठक झाली आणि मंचावरून सांगितलं गेलं की हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणारी, मागंही उडणारी विमानं होती. आधार 'वैमानिक शास्त्र' या पोथीचा. या पोथीचा हिशेब केव्हाच झालेला. १९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी ती बसून वाचली, संस्कृत तपासलं, चित्रं तपासली, उडण्याचं गणित मांडलं. निकाल : पोथी प्राचीन नाही, विसाव्या शतकातली. चित्रं कॉलेजातल्या ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेली. त्यातलं एकही विमान उडणार नाही. म्हणजे काट्यावर चढून एकदा शून्य आकडा पडलेला माल चाळीस वर्षांनी मागच्या दारानं आत आला, आणि काट्याला वळसा घालून थेट मंचावर चढला. २०१९ ला जालंधरला त्याच काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूनं सांगितलं की कौरव टेस्ट ट्यूबमधून झाले. चौथी शिकलेला विंचवाला नाही हो. कुलगुरू!

त्यांना कुणी विचारलं का, "शिक्षण किती?" असल्यांना आत सोडू नका, असं कुणी म्हणालं का?

२०१५ ला विमान मंचावर होतं. २०१६ च्या १७ जानेवारीला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलानं जीव दिला. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा पोरगा, हॉस्टेलमधून चार साथींबरोबर बाहेर काढलेला. त्याला काय व्हायचं होतं? कार्ल सेगनसारखा विज्ञानावर लिहिणारा लेखक. ताऱ्यांवर प्रेम करणाऱ्या पोराला उघड्यावर झोपवलं, आणि पोथीतल्या विमानाला माईक दिला. हा आहे या देशातला जागेचा हिशेब.

आणि हे आजचंच नाही. मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातला, छोट्या दुकानदाराचा पोर, खालच्या मानलेल्या जातीतला. कलकत्त्याच्या हॉस्टेलात त्याला सवर्ण पोरांनी पंगतीत बसू दिलं नाही. १९२० साली त्याच माणसानं ताऱ्यांच्या उजेडातून ताऱ्यांची उष्णता वाचायची किल्ली जगाला दिली. साहांनीच लिहून ठेवलंय : एका वयस्क वकिलाला आपलं संशोधन समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, यात नवीन काय, हे सगळं वेदात आहे. बघा, पंगतीतून उठवणाराही तोच आणि 'सगळं आधीच होतं' म्हणणाराही तोच. काटा नको असतो तो त्याला. कारण काट्यावर पोथीचं वजन पोथीएवढंच भरतं.

म्हणून सांगतो, 'सगळ्या सिद्धांतांना जागा द्या' ही मागणी आपली नाही. ती मंजूर झाली तर पहिली रांग कुणाची लागेल? दादाची? नाही. पोथीवाल्यांची. त्यांच्याकडं मंच आहे, मंत्री आहे, पैसा आहे. काटा काढला की ज्याचा आवाज मोठा त्याचा माल जड. आपला आवाज कधी मोठा होता?

मग बाहेरच्यानं आत यायचंच नाही काय? यायचं. आलेही आहेत.

रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबखात्यात कारकून होता, महिना ३० रुपये. म्हणजे आपल्याच धंद्यातला. १९१३ च्या जानेवारीत त्यानं केंब्रिजच्या हार्डीला पत्र धाडलं. त्याआधी तिथल्या दोघांनी दाद दिली नव्हती. हार्डीनं लिटलवुडला घेऊन कागद तपासले. काही सूत्रं आधीच माहीत असलेली निघाली, मूळ संख्यांवरची काही चूक निघाली, आणि काही अशी निघाली की हार्डी हबकला. त्यानं काय केलं? हार घातला नाही. सिद्धता माग म्हणून पत्र लिहिलं. चूक होती तिथं चूक म्हणाला. ही इज्जत! पण गोष्टीचा दुसरा भागही सांगतो, जो शाळेच्या पुस्तकात नसतो. रामानुजन उपाशी होता, पण ब्राह्मण होता. पोर्टचा मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणितातला, त्यानं वही बघितली, त्यानं वरच्या साहेबाला दाखवली. त्याच मद्रासच्या धक्क्यावर गोणी वाहणाऱ्या हमालाकडं वही असती तर ती कुणी बघितली असती? काट्यापर्यंत पोचायलाच जात लागते. भांडण तिथं करा.

देवळालीचे शाळामास्तर कापरेकर. मोठ्या हुद्द्याचे प्रोफेसर त्यांच्या आकड्यांच्या खेळाला हसायचे. त्यांनी काय सांगितलं ते आता खिशातल्या पेन्सिलीनं करून बघ. कुठलाही चार आकडी नंबर घे, फक्त चारही आकडे सारखे नकोत. कंटेनरवरचा घे, ३५२४. मोठ्यापासून छोटा लाव, छोट्यापासून मोठा लाव, वजा कर. ५४३२ वजा २३४५, ३०८७. परत कर. ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही कर, ६१७४ च येणार. दुसरा नंबर घेतलास तरी तिथंच येशील. हे कापरेकरांनी १९४९ साली सांगितलं. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, मग इथले हसणारे गप्प. त्याच साली त्याच गार्डनरचं पंचकोनी फरशांवरचं सदर वाचून सॅन डिएगोतली मार्जोरी राइस, पाच पोरांची आई, शाळेपुरतं गणित शिकलेली, स्वयंपाकघरात आकृत्या काढत बसली. तिनं फरशीचे चार नवे प्रकार शोधले. डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ बाईनं ते तपासून खरे ठरवले. २०२३ साली इंग्लंडचा डेव्हिड स्मिथ, छापखान्याच्या कामातून निवृत्त झालेला, त्याच्या एकट्या आकाराच्या फरशीनं जमीन भरते पण नक्षी कधी पुन्हा पुन्हा येत नाही. सिद्धता तीन जाणत्यांनी त्याच्याबरोबर बसून केली, आणि कागदावर त्याचंही नाव आलं.

यांच्यापैकी कुणी म्हणालं का, मी परिघावरचा आहे म्हणून मला माना? नाही. ते म्हणाले, हा घ्या माल, चढवा काट्यावर.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. बाबासाहेब. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांना दाखवायचं होतं की अस्पृश्य हा वेगळा वंश नाही. त्यांनी काय केलं? दुसऱ्यांनी घेतलेली नाकांची मोजमापं उचलली, घुर्यांच्या पुस्तकातले आकडे मांडले, आणि त्यांच्याच आकड्यांनी वंशाची थिअरी पाडली. राखीव जागा त्यांनी माणसासाठी मागितल्या. सिद्धांतासाठी नाही मागितली. आणि ज्या बुद्धाकडं ते आपल्याला घेऊन गेले त्यानं कालामांना काय सांगितलं? ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, तपासा. यात 'आपला माणूस म्हणतो म्हणून' हेही आलंच, साथी.

आमच्या कामात क्रेनवर आकडा लिहिलेला असतो, किती टन उचलेल त्याचा. तो नुसता रंगवत नाहीत. लिहिलेल्यापेक्षा जास्त वजन टांगून बघतात, मग लिहितात. न तपासलेल्या दोराखाली आम्ही उभं राहत नाही. मुकादम आपल्या जातीचा असला तरी नाही. दोर तुटला तर तो जात विचारून पडत नाही.

तर मागण्या अशा.

विज्ञानवाल्यांनो, फाटक काढा. महिन्यातून एक संध्याकाळ एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडा. मंच नको, टेबल. कुणीही यावं, मराठीत बोलावं, शिक्षण विचारू नये. कागद हातात घ्यावा. चूक असेल तर नेमकी कुठं ते दाखवावं, लिहून द्यावं. वेळ नाही म्हणू नका. पोथीच्या विमानाला वेळ होता. आणि रोज येणारं प्रत्येक चाक प्रोफेसरानंच बघायला पाहिजे असंही नाही. तुमचे विद्यार्थी बसवा, निवृत्त मास्तर बसवा, आमच्यातली शिकलेली पोरं बसवा. कुलगुरूच्या म्हणण्याला आणि हमालाच्या म्हणण्याला काटा एकच लावा. काट्यावर चढल्याशिवाय कुणालाही माईक नाही.

आणि आपण, दोस्तांनो. माल न्यायचा तर तोलता येईल असा न्यायचा. काय झालं तर माझं म्हणणं खोटं, हे आधी सांगायचं. आकडा शून्य पडला तर 'बामणी कावा' म्हणून बोंबलायचं नाही. कावा असेल तिथं आकड्यानं दाखवायचा. आणि आपल्या माणसाला खोटी शाबासकी द्यायची नाही. पांढरपेशा पाठीवर थाप मारून म्हणतो, वा, काय अस्सल लोकविज्ञान! आणि घरी जाऊन हसतो. खोडून काढत नाही, कारण बरोबरीचा मानत नाही. बरोबरीच्याशीच माणूस वाद घालतो.

टाळ्या वाजवल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. चार रात्री बसलो. मग दादाच्या खोलीत जाऊन चाक धरलं आणि त्यालाच वजनं मोजायला लावली. "दादा, उजवीकडं लांब गेलेली वजनं किती? आणि डावीकडं जवळ आलेली किती?" त्यानं मोजली. लांबची कमी, जवळची जास्त. चाक हलवलं, परत मोजली. परत तसंच. मग म्हणलं, "दादा, गोणी जेवढी उतरली तेवढीच परत चढवायची. उतरताना जे मिळालं ते चढवताना गेलं. वर बिजागरीचा घास वेगळाच. बेअरिंग कसलंही आणा, तुमचं चाक उशिरा थांबेल, पण थांबेल."

दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी नाक्यावर चहाला हाक मारली. अर्धा कप संपेपर्यंत गप्प. मग म्हणाला, "पोरा, हे सांगायला तुला किती वेळ लागला?"

मी म्हणलं, पाच-दहा मिनिटं.

"मग त्या बाबूनं का नाही सांगितलं?"

त्याच्या पाटल्या परत येणार नाहीत. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. ज्यांनी द्यायला पाहिजे ते फाटकाच्या आत बसलेत.